वावरातलं पार्किंग : यात्रेतल्या एका वाहनतळाचं परीक्षण

सोयाबीन घरात आलं, तुरीची कापणी आटोपली की विदर्भात यात्रांचे दिवस लागतात. यात्रेच्या गावाला लागून असलेली चार-दोन वावरं तेवढ्या दिवसांपुरती वाहनतळं होतात. अमरावती जिल्ह्यातल्या अशाच एका हिवाळी यात्रेलगतच्या वाहनतळाचं हे परीक्षण आहे. दोन शेजारी शेतकऱ्यांनी मधला धुरा, म्हणजे बांध, सपाट करून अडीच एकरांत ते मांडलं आहे. दुचाकीला २० रुपये, चारचाकीला ५०, ट्रॅक्टर-ट्रॉलीला १००. बंडीला, म्हणजे बैलगाडीला, पैसे घेत नाहीत, ही मोठ्या मनाची गोष्ट आहे. गळ्यात शिट्टी अडकवलेली सात-आठ पोरं दिवसभर उन्हात उभी असतात. पाण्याचा माठ आणि टाकी फाटकाजवळच आहे.

निकाल आधीच सांगतो. जमीन फार चांगली तयार केली आहे, आखणी विचारपूर्वक केली आहे, माणसं नम्र आहेत. पण गर्दी वाढली की आखणी मोडते आणि निघायची वाट बंद होते. सकाळी रिकाम्या वावरात गाडी लावणं कुणालाही जमतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्धी यात्रा एकदम परतीला लागते, तेव्हाच वाहनतळाची खरी पारख होते. तिथे एकाने गाडी कशी लावली यावर दुसरा घरी किती वाजता पोचणार हे ठरतं. त्यामुळे इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे ते निघण्याबद्दल.

जमीन

वावरात गाडी लावताना पहिला धोका तुरीच्या धसकटांचा. तूर कापताना विळ्याचा घाव तिरपा बसतो, त्यामुळे जमिनीवर राहिलेल्या बोटभर जाड खुंटाला टोक येतं. ते वाळलं की लोखंडासारखं कडक होतं. टायरच्या मधल्या पट्ट्यात खुंट घुसलं तर पंक्चरवाला पट्टी भरून देतो. तेच टायरच्या बगलेत घुसलं तर टायर बदलण्यावाचून इलाज नसतो, कारण बगलेतलं पंक्चर टिकाऊ दुरुस्त होत नाही. आणि वावरात वळताना खुंट लागतं ते बहुतेक बगलेतच.

या दोघांनी धसकटं उपटून, वेचून धुऱ्यावर रचली आहेत. रोटाव्हेटर फिरवला असता तर काम एका दिवसात झालं असतं, पण जमीन भुसभुशीत झाली असती आणि दुचाकीचे स्टँड रुतले असते. धसकटं वेचल्यावर ट्रॅक्टरला पाटा बांधून उभ्या-आडव्या फेऱ्या मारल्या आहेत. काळ्या जमिनीला हिवाळ्यात भेगा पडायला लागतात, त्याही बऱ्याच बुजल्या आहेत. तरीही दुचाकी साइड स्टँडवर लावायची असेल तर स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवावा. फाटकाजवळ अशा तुकड्यांचा ढीग ठेवलेला आहे. फार कमी वाहनतळांवर ही सोय दिसते. एक दुचाकी कलली की शेजारच्या पाच-सहा पाडून मगच थांबते.

फाटकावरचं कामही नीट झालंय. रस्त्याकडेच्या नालीवर सिमेंटचा पाइप टाकून त्यावर आणि आतल्या पहिल्या वळणापर्यंत मुरूम पसरला आहे. साधारण १५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अर्धा फूट जाड. हिशेब केला तर सव्वातीन ब्रास होतात, आणि मुरूम दाबून बसतो म्हणून चार ब्रास मागवावे लागतात. मुरूम नेमका इथेच का, तर प्रत्येक गाडी इथूनच जाते आणि इथेच चाक वळवते. बाकीचं वावर टिकलं तरी फाटकात आठवडाभरात गुडघाभर चाकोऱ्या पडतात. स्विफ्ट (बोलीभाषेत ‘शिफ्ट’) किंवा अल्टोसारखी बुटकी गाडी त्या चाकोरीत पोट टेकते आणि मागे पन्नास गाड्या थांबतात.

धुऱ्यावर दोन कडुनिंब आणि चार-पाच बाभळी आहेत. सावलीसाठी लोक बाभळीखाली गाडी घालतात. हिवाळ्यात सावलीची तेवढी गरजही नसते, आणि बाभळीखाली काटे असतातच. कडुनिंबाखाली लावा, नाहीतर उन्हात लावा.

आखणी

चुन्याची फक्की मारून ओळी पाडल्या आहेत. दोन ओळी समोरासमोर आणि मधे वाट. एका गाडीला ५ मीटर खोली, वाटेला ६ मीटर, पुन्हा ५ मीटर. म्हणजे दर १६ मीटरला एक जोडओळ. एका गाडीची रुंदी अडीच मीटर. इमारतींच्या पार्किंगमध्येही साधारण अडीच बाय पाच मीटर हेच माप धरतात, आणि वावरातही ते जसंच्या तसं पाळलेलं पाहून समाधान वाटलं.

ही अडीच मीटर रुंदी कशी खर्च होते ते बघा. स्विफ्ट किंवा बोलेरोची रुंदी पावणेदोन मीटरच्या जवळपास. अशा दोन गाड्या आपापल्या पट्ट्याच्या मधोमध लावल्या तर दोघींमध्ये ७५ सेंटिमीटर उरतात. साध्या माणसाला दार उघडून उतरायला ५५ ते ६० लागतात, म्हणजे काम भागतं. एकाने गाडी पाऊण फूट जरी रेषेकडे सरकवली, तरी उरतात ५० ते ५५. गुडघे दुखणारी आजी, कडेवर मूल असलेली बाई त्यातून उतरूच शकत नाही. मग दार शेजारच्या गाडीवर आपटतं. इनोव्हा १ मीटर ८३ सेंटिमीटर, स्कॉर्पिओ-एन १ मीटर ९२ सेंटिमीटर रुंद. या गाड्यांना चुकायला जागाच नसते, म्हणून मोठी गाडी लावणाऱ्याने जास्त जपून लावावी.

यावर सोपा उपाय आहे आणि इथली पोरं तो न थकता सांगतात, ‘काकू, तुमी अगुदर उतरून घ्या, मंग गाडी लावू.’ सगळी माणसं वाटेतच उतरवायची, डिक्कीतला डबा-पिशवी तिथेच काढून घ्यायची आणि मग चालवणाऱ्याने एकट्याने गाडी आत घालायची. मग फक्त उजवीकडचं एक दार उघडावं लागतं. डावीकडे जागा कमी उरली तरी कुणाचं अडत नाही. निघतानाही हेच उलट करायचं. आधी गाडी वाटेत काढायची, मग माणसं बसवायची.

गाडी मागे घेत लावावी, तोंड वाटेकडे. आत घालताना अर्धं मिनिट जास्त जातं, पण तेव्हा वावर रिकामं असतं. संध्याकाळी त्याच वाटेवरून शेकडो माणसं चालत असतात, लेकरं हात सोडून पळत असतात. त्यांच्यात गाडी मागे काढण्यापेक्षा समोर बघत काढणं कितीतरी सुरक्षित, आणि एकाच वळणात गाडी बाहेर येते. इथे अर्धेअधिक लोक तोंड आत घालूनच लावतात. पोरांनी सकाळच्या पहिल्या वीस-पंचवीस गाड्या हट्टाने उलट्या लावून घेतल्या, तर पुढचे आपोआप तसंच लावतात. शेजारची गाडी जशी उभी तशी आपली लावायची, असाच बहुतेकांचा स्वभाव असतो.

निघताना काय होतं

अडीच एकर म्हणजे सुमारे १० हजार चौरस मीटर. वाटा धरून एका चारचाकीला २५ चौरस मीटर लागतात. कागदावर ४०० गाड्या मावतात. दुचाकीची जागा, ट्रॅक्टरची रांग, फाटक आणि धुऱ्याकडचे कोपरे वगळले की अडीचशे ते पावणेतीनशे गाड्या नीट उभ्या राहतात. वावर भरलं की फाटकावर दोरी आडवी बांधायची, हाच नियम हवा. इथे मोठ्या दिवशी, म्हणजे रविवारी आणि सुटीच्या दिवशी, दोरी बांधत नाहीत. आलेल्याला परत कसं पाठवायचं, असं म्हणून सहा मीटरच्या वाटेत तिसरी ओळ लागते. हेतू भला असला तरी त्रास अडीचशे घरांना होतो.

वाटेच्या कडेला एक गाडी आडवी उभी राहिली की सहा मीटरचे जेमतेम चार उरतात. लहान गाडीची वळणत्रिज्या पावणेपाच मीटरच्या आसपास, मोठ्या गाडीची त्याहून जास्त. म्हणजे ओळीतून एका वळणात बाहेर पडणं संपलं. पुढे-मागे, पुढे-मागे करत तीन-चार वेळा खेळावं लागतं. तेवढ्यात समोरच्या बाजूला दुसरा कुणी ‘लावू द्या न दोन मिन्टं’ म्हणून गाडी ठेवतो आणि वाट बंद होते.

ज्याला वाटेत लावावीच लागली, त्याने निदान एवढं करावं. जमीन सपाट असेल तरच चाकं सरळ ठेवून गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला. चाकं वाकडी राहिली तर ढकलताना गाडी शेजारच्या गाडीच्या दिशेने जाते, आणि स्टिअरिंग लॉक असल्यामुळे ती कुणालाच सरळ करता येत नाही. उताराच्या बाजूला मात्र हे करूच नये. ऑटोमॅटिक गाडी पी वर उभी केली की ढकलता येत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये बटणाचा हँडब्रेक असतो आणि इंजिन बंद केल्यावर काहींत तो आपोआप लागतो. अशा गाडीवाल्यांनी वाटेत गाडी ठेवायचा विचारही करू नये, कारण त्यांच्याशिवाय ती हलतच नाही.

मोबाइल नंबर काचेवर ठेवायची पद्धत चांगली आहे, पण अनोळखी जागी नंबर उघडा ठेवणं सगळ्यांना, विशेषतः बायकांना, बरं वाटत नाही. इथे पावतीपुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीवर नंबर लिहून घेतात आणि गरज पडली तर पोरंच फोन करतात. सोय उत्तम आहे. अडचण एवढीच की यात्रेत दुपारनंतर नेटवर्क गुदमरतं आणि फोन लागत नाही. भोंग्यावरून गाडीचा नंबर पुकारायची सोय देवस्थानाच्या मंडपात आहे, ती वाहनतळाशी जोडून घ्यायला हवी. एक पोरगा चिठ्ठी घेऊन मंडपात गेला तरी काम होतं.

पैसे आत येताना घेतात, हा निर्णय अगदी बरोबर. बाहेर पडताना पैसे घेतले तर सुट्ट्यासाठी, क्यूआरसाठी एका गाडीला अर्धं मिनिट लागतं. अडीचशे गाड्यांना दोन तासांहून जास्त. पैशांचा विषय नसला तर एक गाडी दहा सेकंदांत फाटक ओलांडते आणि तेवढ्याच गाड्या पाऊण तासात बाहेर पडतात. नेटवर्कचा भरवसा नसल्याने ५० ची नोट सुटी ठेवून यावं, म्हणजे मागच्याला थांबावं लागत नाही.

दुचाकीला वेगळी वाट आहे, दीड मीटर रुंद, दोन बल्ल्या रोवून केलेली. बाहेर पडताना तिथे पावतीवरचा नंबर आणि गाडीचा नंबर ताडून बघतात. वेळ लागतो, पण चोरी रोखायची तर हे हवंच, याबद्दल तक्रार करू नये. दुचाकीवाल्यांना एक सांगणं आहे. हँडल लॉक केलं की पोरांना गाडी उचलून सरकवावी लागते आणि त्यात शेजारच्यांचे इंडिकेटर तुटतात. मेन स्टँडवर, हँडल सरळ, अशी गाडी एक मीटर रुंदीत मावते. साइड स्टँडवर हँडल वाकवून लावली तर शेजारच्याची जागाही खाते. हँडल उघडं ठेवायची भीती वाटत असेल तर बाहेर पडताना नंबर ताडून बघतात, हे लक्षात घ्यावं.

चारचाकीचं फाटक मात्र एकच आहे, येणाऱ्यालाही तेच आणि जाणाऱ्यालाही तेच. दुपारी तीनपर्यंत चालून जातं. त्यानंतर येणारे आणि जाणारे समोरासमोर येतात आणि डांबरी रस्त्यापर्यंत रांग लागते. तो रस्ता सात मीटरचा आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे तीन मीटर उरतात, आणि एसटीची रुंदी अडीच मीटर. समोरून दुसरी एसटी आली की दोघींचं अडतं. रस्त्यावर असं धोक्याचं किंवा अडथळ्याचं वाहन उभं करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे. पण दंडापेक्षा महत्त्वाचं हे की त्याच रस्त्याने १०८ ची रुग्णवाहिका येते. रुग्णवाहिकेच्या मागे तीन मीटर मोकळे लागतात, कारण स्ट्रेचर मागच्या दारातून बाहेर काढून सरळ करावं लागतं. आरोग्य पथकाच्या तंबूसमोर दोन मिनिटांसाठीही गाडी लावू नका.

पावती आणि जबाबदारी

पावतीवर छापलं आहे, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’. हे वाक्य जवळपास प्रत्येक वाहनतळाच्या पावतीवर असतं, आणि त्याने वाहनतळ चालवणाऱ्याची जबाबदारी पूर्ण संपते असा समज आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका हॉटेलातून १९९८ साली चोरी गेलेल्या मारुती झेनच्या प्रकरणात वेगळं सांगितलं. गाडी आणि चावी हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली असेल, तर असं वाक्य छापून हॉटेलला आपल्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती, साधारण शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जपेल तितकी जपायची असते.

इथे चावी सहसा आपल्याकडेच राहते, त्यामुळे परिस्थिती थोडी वेगळी आहे. पण गर्दीच्या दिवशी काही लोक गाडी हलवता यावी म्हणून चावी पोरांकडे देतात. तसं केलं तर पावतीच्या दोन्ही प्रतींवर ‘चावी जमा’ लिहून घ्या. वाहनतळवाल्यांनीही चाव्या नंबरच्या खिळ्यावर टांगाव्यात आणि लायसन्स असलेल्या माणसालाच गाडी हलवू द्यावी. सध्या चाव्या एका पिशवीत ठेवतात, त्यात गोंधळ ठरलेला.

आग

याबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण यात्रेच्या पार्किंगमध्ये सगळ्यात कमी विचार याचाच होतो.

वावरात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि वाळलं गवत असतं. गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरला जोडलेला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. लांबून आलेल्या गाडीचा तो भाग कुटार पेटवण्याइतका तापलेला असतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी जाळून साफ करणारा फिल्टरही असतो, आणि तो साफ होत असताना उष्णता आणखी वाढते. गाडी कुटाराच्या थरावर उभी करून एसीसाठी इंजिन चालू ठेवलं, तर खालचं कुटार धुमसायला वेळ लागत नाही. इथे ओळींमधलं कुटार झाडून घेतलं आहे, पण ते धुऱ्याला लागूनच रचलं आहे आणि शेवटची ओळ त्याला टेकते. कुटाराचा ढीग निदान १५ मीटर लांब हलवायला हवा.

दुसरी गोष्ट रोडग्यांची. यात्रेला आलेली माणसं गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजणार, वांग्याची भाजी करणार, त्याशिवाय यात्रा पूर्ण होत नाही. पण स्वयंपाक दोन गाड्यांच्या आडोशाला मांडतात, वारा लागू नये म्हणून. वरून बघता निवांत वाटतं. पण शेजारच्या मोटारसायकलच्या टाकीत पेट्रोल असतं, ती आडवी झाली की झाकणातून झिरपतं, आणि गोवरीचा आर राखेखाली तासन्‌तास जिवंत राहतो. वाहनतळवाल्यांनी विहिरीकडच्या कोपऱ्यात स्वयंपाकाची जागा आखून दिली आहे, तिथे पाणीही आहे. तिथेच चूल मांडा. उठताना आरावर पाणी ओतून, काठीने उकलून पुन्हा पाणी ओता.

फाटकावर वाळूच्या चार बादल्या आणि पाण्याचा ड्रम आहे. पेट्रोल पेटलं तर पाण्याने आग पसरते, तिथे वाळूच टाकावी. अग्निशामक नळकांडं एकही दिसलं नाही. सहा किलोची एबीसी पावडरची दोन तरी हवीत, एक फाटकावर आणि एक वावराच्या मधोमध. आगीची गाडी तालुक्याहून येते आणि यात्रेच्या गर्दीतून आत शिरायला तिला वेळ लागणार, हे धरूनच तयारी करावी.

ट्रॅक्टर आणि बंड्या

ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेणं कौशल्याचं काम आहे. ट्रॉली भलतीकडे वळते आणि मागे काय आहे ते दिसत नाही. म्हणून ट्रॅक्टरला अशी रांग लागते, की एका टोकाने आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने सरळ बाहेर. ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून सात-आठ मीटर लांब असते हे धरून इथे नऊ मीटरचे पट्टे आखले आहेत, दोन्ही टोकं मोकळी. या वाहनतळाचं सगळ्यात चांगलं काम हेच. चारचाकीवाले मात्र त्या मोकळ्या टोकाला जागा रिकामी समजून गाडी लावतात आणि तीन-चार ट्रॅक्टर अडकतात. तिथे एक पोरगा कायम उभा हवा.

मुक्कामी लोक ट्रॉलीत झोपतात, जागा कमी पडली की ट्रॉलीखालीही झोपतात. पहाटे थंडीत, अंधारात ट्रॅक्टर सुरू करण्याआधी खाली वाकून बॅटरीने बघितल्याशिवाय आणि आवाज दिल्याशिवाय गिअर टाकू नये. चारचाकीवाल्यांनीही हे पाळावं. गाडीखाली कुत्री झोपतात, लेकरं लपाछपी खेळतात. वाहनतळवाल्यांनी ट्रॉलीखाली झोपू देऊच नये. बाजूला ताडपत्री टाकून जागा करून देणं अवघड नाही.

चाकाला लावलेली अटकण निघताना काढून धुऱ्याला टाका. डोक्याएवढा दगड वाटेत राहिला की अंधारात पुढची गाडी त्यावर चढते आणि तेलाचा चेंबर फुटतो. फुटलेल्या चेंबरवर गाडी दोन किलोमीटर जरी चालवली तरी इंजिन जातं.

बंड्या उत्तरेच्या धुऱ्याला, इंजिनांपासून लांब सोडायची व्यवस्था आहे. बैल सोडून दावणीला बांधलेले असतात. दाव्याची लांबी धरून त्यांच्यापासून चार मीटर तरी लांब गाडी लावा आणि तिथे हॉर्न वाजवू नका. बुजलेला बैल दावं तोडून गर्दीत शिरला तर कुणाच्या आवाक्यात राहत नाही.

पाऊस आला तर

हिवाळ्यात विदर्भात अवकाळी येतो, कधी गारांसकट. काळ्या जमिनीवर वीस मिनिटं चांगला पाऊस झाला की चाकांना मातीचे गोळे धरतात आणि गाडी जागच्या जागी फिरते. आभाळ भरून आलं की थेंब पडायची वाट बघू नका, मुरुमाच्या पट्ट्यावरून गाडी बाहेर काढा.

रुतलीच तर एक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. ओढणाऱ्या चाकांसमोरची माती हाताने काढा आणि पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) किंवा गोणपाट चाकाला भिडवून ठेवा. दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. ढकलणाऱ्यांनी चाकांच्या सरळ मागे उभं राहू नये. तरीही निघाली नाही तर त्या चाकांची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरून पकड वाढते. डांबरीवर आल्यावर हळू चालवत जवळच्या पंपावर आधी हवा भरायची.

ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर दोर बंपरला बांधायचा नाही. बहुतेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये ओढण्याचा हुक असतो, तो बंपरमधल्या झाकणाखाली पेच फिरवून पूर्ण बसवायचा. गाडीची चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक राहतं. ट्रॅक्टरने दोर ताणून घेऊन मग एकसारखं ओढावं, हिसका देऊ नये. दोर तुटला तर त्याचा फटका पाय मोडेल इतका जोराचा असतो, म्हणून बघ्यांना दोराच्या लांबीहून जास्त लांब उभं करा. इथे ट्रॅक्टरने ओढायचे २०० रुपये घेतात. दर आधीच पाटीवर लिहिला आहे, त्यामुळे अडलेल्या माणसाची लूट होत नाही.

ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी

फाटकाशेजारी चार जागा राखून ठेवल्या आहेत, पिवळं निशाण लावलेल्या. शाबासकी द्यावी असं काम आहे, पण रुंदी इतरांइतकीच ठेवली आहे. चाकाची खुर्ची दाराशी आणून माणसाला त्यात बसवायचं तर ३.६ मीटर रुंदी लागते. चारच्या दोनच जागा करून रुंदी वाढवणं योग्य होईल. खालचा मुरूमही तिथवर न्यायला हवा, कारण भुसभुशीत मातीत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. या जागा दुपारपर्यंत धडधाकट लोकांच्या गाड्यांनी भरतात. पोरांना त्यांना हटकायला अवघड जातं, कारण बहुतेक गाड्यांवर कुठल्या ना कुठल्या पदाची पाटी असते. इथे वाहनतळाच्या मालकाने स्वतः उभं राहावं. मालक वडीलधारे आहेत, त्यांचं कुणी टाळत नाही.

ओळींना नंबर नाहीत. रात्री सगळ्या पांढऱ्या गाड्या सारख्याच दिसतात आणि माणसं अर्धा-अर्धा तास गाडी शोधत वाटांमधून फिरतात, बाकीच्यांची निघण्याची वाट त्यानेही अडते. प्रत्येक ओळीच्या टोकाला बांबू रोवून त्यावर रंगीत कापड आणि मोठा आकडा लावला की झालं. तोवर गाडी लावल्यावर शेजारचं झाड किंवा खांब येईल असा फोटो काढून ठेवा. दिव्यांचे खांब दोनच आहेत आणि दोन्ही फाटकाकडे. मागच्या अर्ध्या वावरात अंधार असतो, तिथे गाडी काढताना डिपर खाली ठेवा. समोरून येणाऱ्या माणसाला वरच्या दिव्यात जमिनीवरची दावणही दिसत नाही.

सध्याच्या स्थितीत पाचपैकी साडेतीन गुण. आठवड्याच्या मधल्या दिवशी बिनधास्त जा, उत्तम व्यवस्था आहे. रविवारी सकाळी नऊच्या आत पोचा, फाटकाकडच्या पहिल्या दोन जोडओळींत तोंड बाहेर करून लावा, आणि साडेचारच्या आत निघा किंवा रोडगे खाऊन सातनंतर. मालकांना एक विनंती. वावराच्या पश्चिमेला पांदण आहे, साडेतीन मीटर रुंद, तीन-चारशे मीटरवर डांबरीला मिळते. दुपारी तीननंतर त्या बाजूने फक्त बाहेर जाणारं फाटक उघडा आणि पांदणीच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगा शिट्टी घेऊन उभा करा, म्हणजे समोरून कुणी आत शिरणार नाही. एक पाइप, चार ब्रास मुरूम आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच खर्च आहे. पुढच्या रविवारच्या आत हे होऊ शकतं.